कोल्ह्याची आतली बाजू

एर्मेतेची मुलगी काल आली, ब्रेंताच्या काठाने, सायकलवरून,
पाव गुंडाळतात त्या कागदात कोल्हा गुंडाळून.
म्हणाली, नीवेस, हा दुसऱ्या कुणाला बसेल असा करून दे.
कॉफी नको म्हणाली. बसलीही नाही.

कोल्हा माझाच. एकोणीस वर्षांचा.
तेव्हा मी बुटांच्या कारखान्यात आतले तळवे कापायचे
आणि उरलेले तुकडे एप्रनखाली दडवून आणायचे.
चोरी म्हणा. पोटाला गाय बांधून
रोज संध्याकाळी फाटकाबाहेर पडायचे,
पहारेकरी म्हणायचा, नीवेस, जाड झालीस.

ओकच्या सालीत कमावलेलं कातडं ते.
क्रोमचं मऊ असतं, चकाकतं,
पण त्याला काही सांगितलं तर लक्षात ठेवत नाही.

चित्रांतले सगळे कोल्हे धूर्त.
मी मात्र पाहिला होता तो पादोव्याच्या रस्त्यावर, ट्रकखाली आलेला.
वितीने मोजला: कानापासून कान, नाकापासून डोळा.
धूर्त नव्हता. दमलेला होता,
दिवसभर दुकान चालवून शटर ओढणाऱ्या माणसासारखा.
तेच कोरलं पाइनच्या ठोकळ्यात, डावी भुवई जरा उतरती.

मग रात्रभर कोमट पाण्यात कातडं.
सकाळी ठोकळ्यावर ओढायचं, कडेला खिळे,
आणि शिंगाच्या हातोडीने बडवायचं नाही, समजवायचं.
सुरकुती मरत नाही कधी, फक्त जागा बदलते;
तिला गालावरून, जबड्यावरून ढकलत ढकलत
हनुवटीखाली न्यायचं, जिथे कुणी बघत नाही.
(माझ्या बहिणीचं लग्नही असंच टिकलं.)
गाय होती. दुपारपर्यंत कोल्हा झाली.
तिला विचारलं कुणी?

एर्मेते म्हणाला होता, हा हुशार दिसत नाही.
पैसे अर्धेच दिले.
आणि एकोणीस वर्षं दुसरा मुखवटा घातला नाही.

आता तो माझ्या टेबलावर उताणा.
बाहेरून काय, रंग उडालाय, मिशीचे केस गेलेत,
एक टाका घातला की झालं.
आत मात्र काळं, गुळगुळीत, घामाने मेणचट,
नाकाच्या हाडापाशी एक खोलगट,
कपाळावर मिठाची पांढरी रेघ, भरती ओसरल्यावर राहते तशी.
हुंगलं. लसूण, डिंक, त्याच्या त्या भिकार सिगारेटी.

नवी मुलगी आहे म्हणे, वेरोनाची, लहानशा नाकाची.
तिला बसवायचा तर भिजवायला हवा.
भिजलं की कातडं सगळं विसरतं,
तोच तर त्याचा गुण, त्याच्यावर तर माझं पोट.
बादली भरली. पाणी हाताला बघितलं. कोमट होतं.

पाणी निवलं.
पुन्हा तापवलं.
पुन्हा निवलं.

मग आतून तेलाचा हात फिरवला
आणि खालून कालवून आणलेलं प्लॅस्टर कोल्ह्यात ओतलं.
संपूर्ण कोल्हा काठोकाठ.
घट्ट होईतो भांडी घासली, दोन बिलं भरली.
उलटा करून हलकेच ठोकला, आणि निसटून हातात आला
एर्मेते, भुवयांपासून वरच्या ओठापर्यंत,
चिडलेला, जणू कुणी मध्येच प्रवेश तोडला.

फळीवर गाढव आणि रानडुकराच्या मध्ये ठेवलाय.
अर्धे पैसे राहिलेत, त्याला सांगितलं.

कोल्हा अजून कोरडाच आहे.
वेरोनाच्या मुलीला निरोप पाठवलाय,
ये, आणि येताना नाक घेऊन ये,
नाकाच्या जागी फेल्ट लावून बघू आधी.
नाहीच बसला तर नवा करीन.
ओकचं कातडं हल्ली विकत आणावं लागतं.
कारखाना बंद आहे,
आणि आता खरंच जाड झालेय मी.