पंचवीस मिलिमीटर

गर्भाशयाच्या मुखाची लांबी
पंचवीस मिलिमीटरच्या खाली आली, की
कागदाच्या कोपऱ्यात लाल टिकली.
एवढंच माझं काम.
पुढचं हिरेमठ मॅडम बघतात,
आणि त्यांच्या खोलीतलं यंत्र.
चौदा प्रश्नांची उत्तरं घातली की ते सांगतं
कुणाचं बाळ दिवस भरायच्या आधी येईल.
त्याला अजून एकही बाई भेटलेली नाही.

कुंभारीच्या विडी घरकुलात मी दुपारी जाते.
पत्रे तापलेले. उंबऱ्याशी सूप,
सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पानं.
श्रीलता मेरगू, वय बावीस, दुसरी खेप.
शेवटची पाळी कधी?
‘गड्ड्यात. अक्षतांना सगळे गेले,
मी बाजूला बसले होते.’
मी जानेवारीचं पान उलटते. तारीख मिळते.

बोलताना तिची कात्री थांबत नाही.
पानावर पत्र्याचा साचा, कडेनं कात्री,
चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा,
तोंड मुडपलं की झाली.
अशा पंचवीस झाल्या की एक कट्टा.
‘तुमचंबी पंचवीसच का, ताई?’
तिची एकतीस भरली. टिकली नाही.

प्रश्न अकरावा: रोज किती तास बसून काम?
‘उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत.’
तास सांग.
‘तेच की. हजार होईपर्यंत.’
चौकट एकाच आकड्याची होती.
मी आठ लिहिलं.

तिच्या जावेची, भारतीची, एकोणीस. लाल.
रोज रात्री प्रोजेस्टेरॉन, पंधरवड्याला सोनोग्राफी,
सासूनं सुपाला हात लावू दिला नाही.
एकोणचाळीस आठवडे, तीन किलोची पोर,
आणि माझ्यावर राग:
‘उगाच घाबरवलंत. चार महिन्यांची मजुरी बुडाली.’
औषधानं थांबली, की थांबणारच होती,
हे एका बाईवरून मॅडमनाही सांगता येत नाही.

श्रीलता एकोणतिसाव्या आठवड्यात,
मंगळवारी रात्री, रिक्षात,
सिव्हिलचं फाटक दिसत असताना.

मागावरून अर्धंच उतरवलेलं कापड म्हणावं,
तर या गावात ती उपमा कुणालाही सुचेल.
कापडाला श्वास घ्यायचा नसतो.
एक हजार साठ ग्रॅम.
छातीशी धरायला देण्याआधी
सिस्टरनं तिला तीनदा हात धुवायला लावले.
वास गेला नाही.
ती बोटं पदरात लपवत होती
आणि पोर त्या वासाकडेच
तोंड वळवत होतं.

मी फाईल काढली. आठ.
यंत्र खोटं बोललं नव्हतं.
मी सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक.

मॅडम ओरडल्या नाहीत.
एवढंच म्हणाल्या, ‘असे आठ अजून किती असतील?’
दोनशे बारा अर्ज.
मोजायला बसलो तेव्हा ऊन होतं,
उठलो तेव्हा कँटीनवाला खुर्च्या उलट्या टाकत होता.
खरा आठ कुठला आणि माझा कुठला,
निम्म्या अर्जांवर मलाच ओळखता आलं नाही.

आता चौकटीच्या जागी कोरी ओळ आहे.
टाईप करणारा पोरगा कुरकुरतो,
म्हणतो ओळींची बेरीज होत नाही.
होत नसेल.
श्रीलताचं पोर आज बाराशे दहा.
नाव अजून ठेवलेलं नाही,
पाळण्याच्या चिठ्ठीवर आईचंच नाव.

काल दत्तनगरात एकीनं सांगितलं,
‘नळाला पाणी येतं त्या दिवशी दोन कट्टे कमी,
एरवी पाठ बोलेपर्यंत.
आणि पाठीचं कोण ऐकतंय.’
मी सगळं लिहून घेतलं.
ओळ संपली.
मग समासात लिहिलं.