पाळीपत्रक

नळ येतो पाचव्या दिवशी, तोही रात्री अडीचला,
म्हणून मी कुंड्यांचं पाळीपत्रक केलंय.
तीस वर्षं जामदा डाव्या कालव्यावर पाटकरी होतो,
हात अजून रकाने आखल्याशिवाय राहत नाही.

सोमवार: भरताची वांगी, सहा आळी, दोन-दोन तांबे.
मंगळवार: गिलक्याचा वेल, आणि चमकुरा.
(चमकुऱ्याला मोरीचं चालतं, त्याची तक्रार नसते.)
बुधवार मोगऱ्याचा.
लिंबू पाळीत नाही.

आठ वर्षं झाली, एक फूल नाही.
पिंपळनेरहून द्वारकेनं मांडीवर आणलं होतं,
एस्टीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून.
मी दोनदा म्हणालो, काढून टाकू, जागा अडते.
दोन्ही वेळा ती कुरडया उलटायला गच्चीवर गेली.

वैशाख सरत आला. दुपारी भिंत पाठ टेकू देत नाही.
भडगावची कुत्री रसवंतीच्या बाकाखालून
संध्याकाळशिवाय हलत नाहीत.
आणि नेमके याच पंधरवड्यात पाहुणे.

आधी साक्रीची सिंधू, माझी धाकटी, नवऱ्यासकट,
आंब्याच्या दोन पेट्या आणि गुडघ्याचा एक्स-रे घेऊन.
मग ज्योत्स्ना, तिची पोरं, पोरांचे चार्जर.
मग द्वारकेचा मावसभाऊ,
जो "इकडून चाललोच होतो" म्हणाला
आणि तीन दिवस राहिला.

मी हिशेब मांडला:
माणूस पितो तांब्याभर, धुतो बादलीभर.
तर आंबे खाल्लेले हात वांग्याच्या आळ्यात धुवायचे.
पोरांच्या आंघोळी मोगऱ्याजवळच्या फरशीवर.
मेहुण्यांनी गुळण्या करायच्या
त्या चमकुऱ्याकडे तोंड करून.
सिंधू म्हणाली, "भाऊ, आम्ही पाव्हना शेतस का पाट?"
द्वारका इतकी हसली
की बिबड्यांचा घाटा पळीवरून घसरून पायावर पडला,
आणि तो पायही मी गिलक्याच्या बुडाशी धुवायला लावला.

परवा सगळे गेले.
दोरीवर एक मोजा राहिलाय, एकाच पायाचा.

त्या रात्री मागच्या दारी पाणी ऐकलं.
चोरीच्या पाण्याचा आवाज वेगळा असतो.
हक्काचं पाणी धबधब पडतं, बोलतं.
चोरीचं आधी तळहातावर उतरतं,
मग बोटांमधून मातीत.
कालव्यावर मी ते अर्ध्या फर्लांगावरून ओळखायचो,
कंदील विझवून, चपला हातात घेऊन जायचो.
किती पंचनामे केले. एक त्या म्हाताऱ्याचा,
केळीची चार खोडं भिजवली म्हणून.
त्यानं शाई मागितली नाही,
चिखलाचाच अंगठा उठवला कागदावर.

बादलीची कडी वाजली.
पाणी थांबलं. ती थांबली.
मी घोरलो.
(द्वारका सांगते, मी घोरतो. मला ते पटत नाही.
त्या रात्री मात्र घोरलो, मोठ्यानं.)
मग पुन्हा बोटांमधून पाणी.

सकाळी लिंबाच्या बुंध्याशी माती ओली,
आणि वरून कोरडी भुरभुरलेली.
पाणीचोरांची ही जुनी रीत
मला वाटायचं, फक्त कालव्याकाठच्यांनाच येते.

चहा पिताना विचारलं, "झोप लागली का?"
"लागली. तुम्हाला?"
"मेल्यासारखी."
तिनं बशीतला चहा फुंकला. बराच वेळ फुंकला,
गार झाला होता तरी.

मी वही काढली, तारीख घातली.
शेवटच्या रकान्यात, पाणीचोरी: निरंक.
तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं,
अक्षर चांगलं आलं.

आणि ती मंडईत गेल्यावर
मोरीतल्या बादलीच्या कडीला
जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं,
घट्ट, दोन गाठी मारून.