कलम चौदा

नवापूर स्टेशनात एक बाकडं आहे,
निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत.
मी त्यावर बसून डबा खाल्लाय,
भाकरी एका राज्यात, खुडा दुसऱ्या.
बाकड्याचं चालतं.
त्याला पाया खणावा लागत नाही.

सुपडाबाई भोई करार घेऊन आल्या
अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, वर पुठ्ठा झाकून.
"टाईप करी दे, भाऊ. सोमवारी सही शे."

नमुना बिल्डरनं धाडलेला.
मूळचा व्याऱ्याच्या कुठल्याशा सोसायटीचा,
नावं खोडून वर नावं.
मुद्रांक पलीकडचा.
चौथ्या पानावर 'तलाटी-कम-मंत्री' तसाच बसलेला,
आपल्याकडे ज्याची खुर्चीच नाही.
कलम नऊ : ताबा, बांधणाऱ्याच्या सोयीनुसार.
कलम चौदा : वाद उद्भवल्यास फक्त सुरतेचं कोर्ट.

बावीस वर्षं मी हेच करतो.
माणूस बदलतो, चतुःसीमा बदलते,
बाकी सगळं वरीलप्रमाणे.

मेव्हण्याचा करारही वरीलप्रमाणेच होता.
पहिल्याच उन्हाळ्यात जिन्याखालची भिंत फाटली,
किल्ली उभी आत जाईल एवढी.
इथली काळी माती वैशाखात तोंड उघडते
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
नमुन्याला नव्हतं.
तो पॅसेंजरनं सुरतेला गेला, सात वेळा.
बोर्डापुढे उभं राहून आपलं नाव शोधायचा.
म्हणाला, त्यांच्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते,
वाचणाऱ्याला चांगलीच असतील,
मला मात्र पत्रे उडालेली घरं दिसतात.
आठव्यांदा गेला नाही.

मी सुपडाबाईंना सांगायला घेतलं :
मुद्रांक आपल्या राज्याचा, नोंदणी आपल्या कचेरीत,
रेराचा नंबर, ताब्याची तारीख…
त्या पुठ्ठा घडी करत ऐकत होत्या.
मग म्हणाल्या,
"घर आठे शे,
मंग भांडन तठे कसाले?"

माझ्याकडे कायद्याची चार जाड पुस्तकं आहेत.
त्यातलं एकही इतकं बारीक नाही.

बिल्डरचा फोन आला : "भाई, फॉरमॅट तो बधे सेम ज छे."
मी म्हटलं, माती सेम नाही.
त्यानं ठेवून दिला.
सोमवारी येईल की नाही, सांगता येत नाही.

कोरं पान घेतलं.
पाच वर्षांत भेग पडली तर बुजवणार कोण,
ते नावानिशी लिहिलं.
कलम नऊ त्यांनी दोनदा वाचून घेतलं,
तारखेवर बोट ठेवून.
चौदावर 'सुरत' खोडताना
बोट उगाच थांबलं जरा.

संध्याकाळी मेव्हण्याकडे डोकावलो.
भेगेत त्यानं करारच कोंबलाय,
माझ्याच टायपातला, घड्या घालून.
पाणी जरा कमी येतं, म्हणतो.