गाळलेली जागा

कपाटात चौदा वर्षांचे कागद.
पट्टीनं आखलेले, हातानं लिहिलेले,
विट्याच्या स्टँडसमोर पन्नास पैशाला एक असे काढलेले,
आणि झेरॉक्सवाल्याच्या यंत्रातला काळा पट्टा
प्रत्येक पानाच्या उजव्या अंगाला.
मुलं त्याला बाईंचा समास म्हणतात.

हे सगळं आता मोबाइलमध्ये घालायचं होतं.
केंद्रप्रमुखांचा निरोप शुक्रवारी आला.
सोमवारपासून शाळा भरणार,
जिथं रेंज असेल तिथं.

पहिली रात्र जोड्या लावण्यात गेली.
कागदावर डावीकडं बैल, मेंढी, कोंबडी,
उजवीकडं खुराडं, गोठा, वाडगं,
मधे पेन्सिलीची रेघ.
कुणाची सरळ, कुणाची म्हसोबाला वळसा घालून,
श्रीतेजची तर पानाबाहेर पडून बाकावरून परत आलेली.
फॉर्मला रेघ ठाऊक नाही.
त्याला गोल ठाऊक आहे, गोलात टिंब.
टिंब दिलं की मेंढी थेट वाडग्यात,
वाटेत कुणाच्या रानात तोंड घालत नाही.

रंग भरा हे कशातच बसेना.
शेवटी मोराच्या पानाचा फोटो गटावर टाकला,
बघून वहीत काढा म्हटलं,
आणि मोर काढता येत असता
तर पान दिलंच कशाला असतं,
हे झोपताना सुचलं.

चूक की बरोबर मात्र फोनला फार मानवलं.

राहिल्या गाळलेल्या जागा.
कागदावर मी पाच टिंबं सोडायचे.
तृप्ती एका टिंबावर एक अक्षर लिहायची,
अक्षरं कमी पडली की उरल्या टिंबांची फुलं करायची.
फुलांचे मार्क मी कधी कापले नाहीत.
फोन विचारतो, योग्य उत्तर कोणतं?
वाक्य होतं : बाबा रोज संध्याकाळी ..... येतात.
मी लिहिलं, घरी.

चौदा वर्षं हेच वाक्य.
या गावचे निम्मे बाप सेलमला, कोइमतूरला, कुठंकुठं
भट्टीपुढं बसून चांदी गाळतात
हे ठाऊक असून.
मुलंही चौदा वर्षं घरी लिहीत आली,
फळ्यावर मीच लिहून दिलेलं.

सत्तावीस मुलं, अकरा फोन.
स्वरांजलीचं उत्तर रात्री पावणेबाराला यायचं.
इतक्या उशिरा का जागता म्हणून तिच्या आईला विचारलं,
तर घरात बटणांचाच फोन.
मोठा फोन सेलमला, अधिकरावांकडं.
दुकान बंद, गाड्या बंद, ते तिथंच अडकलेले.
रात्री ते इकडं लावतात,
एकेक प्रश्न वाचून दाखवतात,
ती सांगते तसं तिकडं भरतात.
याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेले,
नंतर मामाबरोबर भट्टीवर गेलेले.

त्या रात्री फोननं लाल फुली मारली होती.
बाबा रोज संध्याकाळी फोनवर येतात.
शून्य.

मी बराच वेळ ते बघत बसले.
ती इथून बोलली असेल पटकन,
पुढच्या प्रश्नाच्या घाईत.
तिकडं ते एका बोटानं लिहायचं होतं त्यांना,
फ ला काना नाही, मात्रा आणि काना दोन्ही,
न, व, र.

फॉर्मात खाली एक जागा असते,
आणखी उत्तर जोडा अशी.
मला ती त्या रात्री सापडली.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.
मार्कांचं विचारतील म्हणून मी तयारीत होते.
मागं भट्टीचा आवाज नव्हता, पंख्याचा होता.
"बाई, त्या मोराच्या कागदाला
उजव्या अंगानं काळा पट्टा हाय.
त्यात काय भरायचं असतंय का?
पोरगी म्हणती नाही. म्हटलं तरी विचारावं."

नाही, म्हटलं. तो समास आहे.