सीटवरचा तांदूळ

आधी हातातलं यंत्र चालू कर, मग ट्रॅक्टर.
बंद करताना उलट.
नाहीतर तो भलत्याच कुणाचं ऐकेल,
असं चेस्टर पिलार्स्की म्हणतो.
चाळीस वर्षं स्केनेक्टडीच्या कारखान्यात
मोटारींना तांब्याची तार गुंडाळली त्यानं.
आता गुडघे गेले, बोटं थरथरतात,
क्रम मात्र चुकत नाही.

ट्रॅक्टर पिवळा. म्हणजे एकेकाळी.
पोटात सहा बॅटऱ्या, प्रत्येकीला तीन तोंडं.
त्या अठरा तोंडांना पाणी पाजणं माझ्याकडे आलं
ज्या दिवशी त्याच्या हातून बाटली सांडली
आणि आम्ही दोघांनीही ते पाहिलं नाही असं ठरलं.
डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही.
चार्ज झाल्यावर, आधी नाही.
काठोकाठ भरू नकोस,
तापल्या की ओकतात.
मी टॉर्च दातात धरून वाकते,
पोराचा घसा बघावा तशी.
टोकांवर चढलेली हिरवट बुरशी
खायच्या सोड्यानं घासते, ढोकळ्याच्याच डब्यातल्या.
फसफसतं. मग व्हॅसलीन.

सीटखाली एक बटण आहे:
वर वजन नसेल तर पातं फिरत नाही.
वायर जोडून ते गप्प करता येईल की, मी म्हटलं.
त्यानं असं बघितलं,
जणू मी तिजोरी फोडायची गोष्ट काढली.
म्हणून सीटवर माझ्या घरच्या कोलमच्या दोन पिशव्या,
टोके झालेल्या, पट्ट्यानं आवळलेल्या.
ही फसवणूक नाही का?
नाही, म्हणाला. वजन खरं आहे.

पाठमोरा जातो तोवर सोपं असतं.
तुझ्याकडे तोंड केलं की डावं उजवं होतं.
पहिल्याच दिवशी मी त्याला
चेस्टरच्या टोमॅटोंत घातला.
तो रागावला नाही.
मनानं त्याच्या सीटवर जाऊन बस, म्हणाला,
तांदळाला जरा सरकायला सांग.

मागच्या ओढ्याशी, अ‍ॅशच्या झाडापलीकडे,
सिग्नल पोचत नाही.
तिथं तो आपणहून थांबतो,
पातं निवतं, आणि गवतात उभा राहतो
आपण चार पावलं पुढे येईपर्यंत.
ऐकू आलं नाही तर थांबायचं:
एवढं एकच मी त्याला शिकवलंय,
चेस्टर म्हणतो, आणि नाक शिंकरतो.

फेब्रुवारीत गुडघाभर बर्फ.
सकाळी सातला खिडकीखाली खरखर:
पुढं फावडं लावलेला तो, माझ्या दारात,
सीटवर तांदूळ, तांदळावर बर्फाची टोपी.
रस्त्यापलीकडच्या खिडकीत चेस्टर.
हात केला, त्याचे हात गुंतलेले.
मी चहा टाकला.
खरखर थांबली.

अर्धी वाट मोकळी, अर्धी पांढरी,
आणि तो तसाच उभा.
ऐकू आलं नाही तर.
गॅस बंद केला का, आठवत नाही.
जाकीट घेतलं नाही. रस्ता कसा ओलांडला कोण जाणे.

खुर्चीत बसून तो
हातातल्या यंत्रावर पोलिश शिव्यांचा मारा करत होता.
सेल संपले होते.
अठरा तोंडांची निगा राखली आम्ही,
आणि ही दोन राहिली.

मी भिंतीला टेकून हसले, जरा जास्तच वेळ.
टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले.
थांब, तो ओरडला, आधी ट्रॅक्टर बंद!
पुन्हा रस्ता, किल्ली फिरवून परत,
मग हे चालू, मग पुन्हा रस्ता, पुन्हा किल्ली.
आले तेव्हा मोजे ओले,
आणि यंत्र त्यानं माझ्यापुढे धरलेलं.
तू चालव. माझी बोटं गारठलीत.
खोलीत हीटर भणभणत होता.

त्याच्या खिडकीतून माझं घर
कधी पाहिलंच नव्हतं.
गटाराची पन्हळ एका बाजूला झुकलीय.
स्वयंपाकघरात दिवा. (गॅस बंद असावा.)
तो वळला, आमच्याकडे तोंड करून निघाला.
उजवीकडे, मी पुटपुटले.
त्याच्या, चेस्टर म्हणाला.