समासातली नोंद

मंडळाचं कपाट रिकामं करायला सांगितलं मला,
इमारत पडणार होती म्हणून.
पुरुषांच्या सामन्यांची बाडं कापडी बांधणीची, पाठीवर सोनेरी आकडे.
तळाशी बायकांची: शंभर पानी वही,
कुणाचं तरी गणित अर्धवट सोडवून झाल्यावर
मागच्या बाजूनं सुरू केलेली.

खो-खो. सत्तावन्न साल. पर्वतीच्या पायथ्याचं मैदान.
कु. मथुरा निवंगुणे, नाबाद, सहा मिनिटं वीस सेकंद.
पुढल्या रविवारी नाबाद.
त्याच्या पुढल्या रविवारी नाबाद.
मग समासात बारीक अक्षर: लग्न ठरलं.

कुणी बाद केलं, ते लिहायला रकाना होता.
तो कोरा.

ढालही मिळाली. तिच्यावर नंतरच्यांनी
कॅरमच्या विजेत्यांची नावं कोरून घेतलीत.
उन्हात तिरपी धरली तर दिसतो खालून
एक म, आणि शेवटचा काना.

शोधणार कसं?
आडनाव गेलं, ते जातंच.
तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून नावही बदललं.
पत्ता होता शनिवारातला, नदीलगतचा,
तो एकसष्टच्या पाण्यात गेला.

वडगावला भेटली शेवटी, कुणाकुणाच्या ओळखीनं,
सुनंदा पायगुडे म्हणून.
दोन्ही गुडघे बदललेले.
"डॉक्टरनं काळा फोटो उजेडाला धरला,
म्हणाला, आजी, कधी पडला होतात का?
म्हटलं, हो, न्हाणीत.
सूर मारला होता शेवटचा गडी टिपायला,
ते काय सांगायचं त्याला!"

मग स्वतःच सांगत सुटली,
आतून भावाची अर्धी विजार, वरून परकर,
बघायला एक गोळीवाला आणि परटाची गाढवं.
"गाढवं बरी. घरी जाऊन सांगत नाहीत."

मी वही पुढे केली.
तिनं चष्मा पदराला पुसला.
वाटलं, नावावरून बोट फिरवील.
बोट सरळ आकड्यावर गेलं.
"चूक आहे हे. सहा चाळीस.
घड्याळ धरलेला तात्या बशीत चहा ओतत बसला होता,
वीस सेकंद खाल्ले मेल्यानं."

मी खिशातली पेन्सिल काढली.
"शाईनं," ती म्हणाली.

पेन नव्हतं माझ्याकडे.
तीन जिने उतरलो,
कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दहा रुपयांचं घेतलं,
त्याच्याच पुड्याच्या कागदावर
चालतं का ते बघितलं.