पंचनामा

सुनेनं तिकिटं काढली. माणशी बाराशे,
बोंडू वेचणं, तुडवणं, चाखणं, वर जेवण.
म्हणाली, बाबा, पोर्तुगालात द्राक्षांचं असं करतात,
आपल्याकडे आता काजूचं निघालंय.
मी बोललो नाही
की चाखणं सोडून यातलं सगळं पाहिलंय,
फक्त शेवटून सुरुवातीकडे:
आधी मडकं फुटताना, मग रस वाहताना,
आणि बोंडू सगळ्यात शेवटी, मातीत.

तेरेखोलची खाडी फेरीबोटीनं ओलांडली.
पाण्याच्या मध्यावर कुठेतरी माझा कायदा संपतो.
तिथे खूण काही नाही.
एक खंड्या अलीकडच्या खांबावरून उठला
आणि पलीकडच्यावर जाऊन बसला.

केरीच्या डोंगरात कायतान परेराची बाग.
बोंडू तोडायचा नसतो, तो पडायची वाट बघायची.
पडलेला उचलायचा, बी पिरगळायची,
पिवळा, लाल, चोचीनं टोचलेला, सगळा एकाच डब्यात.
पुण्याचं जोडपं, बेळगावचे तिघे, माझा नातू,
सगळे वाकलेले, आणि खाली समुद्र
उन्हात पत्र्यासारखा.
"कपडे सांभाळा," कायतानची आपोलीन म्हणाली,
"हो डाग धुवून वचना."
मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं
माझ्या खाकी विजारीच्या घोट्यांशी तो होता.

मग कातळात कोरलेली कोळमी.
"पांय धू आनी चड वयर," कायतान म्हणाला.
आपोलीननं तांब्यानं पाणी ओतलं
आणि मी थांबलो.

दोडामार्गाच्या आत, ओहोळाच्या काठी,
चंद्रावती गवशीणीची भट्टी फोडली होती.
साहेबांनी कुऱ्हाड मला दिली.
भाण फुटलं, सडा पसरला, माझी चप्पल त्यात रुतून तुटली.
ती रडली नाही. पोराला बाजूला घेतलं,
म्हणाली, खापर आसा, बघून पाय टाक.
पंचांच्या सह्या झाल्या, आणि निघताना तिनं
तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं,
मुंग्या लागतील म्हणून.
हे पंचनाम्यात नाही.
तिथे तसा रकाना नव्हता.

बोंडू पायाखाली आधी थंड, मग
अचानक हार मानतो.
नातू माझा हात धरून नाचत होता.
दगडाखालच्या लगद्यातून नीरो गळायला लागला,
थेंब, थेंब, मग दोरीसारखा बारीक.

सावलीत करवंट्या मांडल्या. कालची हुर्राक.
मीठ, लिंबू, मधे चिरलेली हिरवी मिरची.
कायताननं विचारलं, वास कसलो येता?
पुण्याची बाई म्हणाली, पेअर. तिचा नवरा म्हणाला, मध,
आणि थोडी ओली माती.
बेळगावचा एकजण म्हणाला, माझ्या आजोळचा माळा.
माझी पाळी आली.
माझ्याकडे दोनच शब्द होते,
एकतीस वर्षं, दर पंचनाम्यात तेच, त्याच क्रमानं:
उग्र, आंबट.
म्हटले.
कायतान माझ्याकडे बघत राहिला.
ज्याच्या दारात कधीतरी कोणी हेच शब्द
मोठ्यानं वाचून दाखवलेत,
असा माणूस बघतो तसा.
"खंयचो तू?"
शिरोड्याचा, म्हटलं.
"नोकरी?"
मी सांगितलं.
सून करवंटीत बघू लागली.
आपोलीन हसली, आधी पोटात, मग तोंडानं,
आणि माझी करवंटी काठोकाठ भरली.
"आतां चाख," म्हणाली, "जप्त करूंक नाका."

घसा खाजला. मग छातीत
कोणीतरी सावकाश दिवा लावला.
उग्र होतीच. आंबटही.
खातं अगदीच खोटं बोलत नव्हतं,
फक्त पुढचं लिहायचं त्यानं सोडून दिलं होतं.

जेवणानंतर वही आली, अभिप्रायाची.
बेळगावच्यांनी काढलेल्या फुलांखाली मी लिहिलं:
"समक्ष चव घेऊन खात्री केली."
खाली सही, आणि सवयीनं
वेळ: दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे.

परतीच्या फेरीबोटीत पाय चिकट होते,
धुतले नाहीत.
मुंग्या नाही लागल्या. केरीहून निघालेल्या दोन माश्या
घोट्याभोवती घोंगावत
शिरोड्यापर्यंत आल्या.